शिबारी: नक्षी जमते, तरी ‘पार्सल झाल्यासारखे’ का वाटते?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. आपण उभयता पस्तिशीच्या आसपासचे विवाहित जोडपे असून काही महिन्यांपासून घरी शिबारीचा, म्हणजे अंगाभोवती दोर बांधण्याच्या जपानी कलेचा, सराव करता. दोन्ही हात पाठीमागे घेऊन छाती आणि दंडांवरून दोर फिरवण्याची, ताकाते-कोते या नावाने ओळखली जाणारी बांधणी आता आपल्याला चित्रफितीतल्यासारखी हुबेहूब जमते. पत्नी मात्र म्हणतात की त्यांना ‘पार्सल झाल्यासारखे’ वाटते, आणि मागच्या खेपेस त्यांच्या उजव्या हाताचा अंगठ्यामागचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बधिर राहिला. या दोन तक्रारींचे काय करावे आणि यापुढे दोरावर अधांतरी तोलण्याचा प्रकार शिकावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: आपले लक्ष दोराच्या नक्षीवर आहे आणि बांधून घेणाऱ्या व्यक्तीपर्यंत ते पोहोचत नाही. तरीही सुरुवात बधिरतेपासून करतो, कारण ती बाब पुढे ढकलण्यासारखी नाही.

दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून बाहेरच्या बाजूस येणारा रेडियल नावाचा एक मज्जातंतू आहे. दंडाच्या मधल्या भागापासून कोपराच्या थोडे वरपर्यंत तो हाडाच्या इतका लगत असतो की बाहेरून दाब आला तर तो दोर आणि हाड यांच्यामध्ये चिरडला जातो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मागच्या त्वचेची संवेदना आणि मनगट वर उचलण्याची ताकद याच मज्जातंतूवर अवलंबून असते, म्हणून आपण वर्णिलेली बधिरता नेमकी त्याच्याकडेच बोट दाखवते. पत्नींना हात पुढे धरून मनगट वर उचलायला सांगा आणि आपण वरून हलका दाब द्या. डाव्या हाताच्या तुलनेत उजवा हात जरासाही दुबळा वाटला, किंवा संवेदना अजून पूर्ण परतली नसेल, तर मज्जातंतूंच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे आणि दोराचा दाब पडला होता हे स्पष्ट सांगावे. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून नशेत रात्रभर झोपलेल्या माणसांनाही हीच इजा होते, त्यामुळे डॉक्टरांना ती नवी नसते, आणि संकोचापायी खोटे कारण सांगितल्यास तपासणी मात्र भलतीकडे वळते. सगळे पूर्ववत झाले असले तरी काही आठवडे त्या दंडावर दोर अजिबात येऊ देऊ नये. अशी दुखापत साचत जाते. पहिल्या वेळी तासाभरात, दुसऱ्या वेळी सकाळपर्यंत ओसरलेली बधिरता तिसऱ्या वेळी महिनोन्महिने लोंबणाऱ्या मनगटाच्या रूपाने समोर आलेली या क्षेत्रात अनेकांनी पाहिली आहे.

हात बधिर होण्याची दोन कारणे असतात आणि ती वेगळी ओळखता आलीच पाहिजेत. रक्तप्रवाह अडला की सगळा पंजा हळूहळू जड, गार आणि काळसर-निळसर होतो. दोर सैल करताच मुंग्या येऊन तो पूर्ववत होतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर रंगातला बदल उशिरा दिसतो, म्हणून नख दाबून सोडावे आणि त्याखालचा गुलाबीपणा साधारण दोन सेकंदांत परततो का ते पाहावे. मज्जातंतूवरचा दाब मात्र एका ठरावीक पट्ट्यातच जाणवतो: करंगळी आणि अनामिका बधिर झाल्यास कोपराजवळचा, अंगठ्यामागचा भाग बधिर झाल्यास दंडावरचा, पावलाची वरची बाजू बधिर झाल्यास गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला किंचित खाली असलेला. कधी विजेसारखी चमक येते, कधी काहीच दुखत नाही आणि थेट शक्तीच जाते. हा बिनवेदनेचा प्रकार सर्वांत फसवा असतो. म्हणून ‘दुखते आहे का?’ एवढे विचारणे पुरेसे नाही. दर दोन-तीन मिनिटांनी माझे बोट घट्ट धर, बोटे फाक, मनगट वर कर, असे सांगून हालचाल प्रत्यक्ष तपासावी लागते. रक्तप्रवाहाचे लक्षण दिसल्यास दोर शांतपणे सैल करता येतो, पण मज्जातंतूचे लक्षण दिसले की दोर सरकवून पाहण्याच्या भानगडीत न पडता तो भाग तत्काळ मोकळा करावा.

येथेच आपल्या दोन तक्रारी एकत्र येतात. चित्रफितीतला दोर दुसऱ्या कोणाच्या तरी दंडावर होता. मज्जातंतूचा मार्ग, हाडावरच्या मांसाची जाडी, खांद्याची लवचीकता या गोष्टी व्यक्तीगणिक बदलतात, आणि त्याच व्यक्तीच्या बाबतीत थंडी, थकवा किंवा झोप यांनुसार दिवसागणिकही बदलतात. दोर नेमका कोठे असावा हे कोणत्याही आकृतीवरून पूर्णपणे ठरत नाही. ते त्या क्षणी फक्त बांधून घेणाऱ्या व्यक्तीला कळते, आणि ती सांगेल एवढेच आपल्याला कळू शकते. जिला आपण वस्तू झालो आहोत असे वाटू लागते ती व्यक्ती सांगणे बंद करते. तेव्हा ‘पार्सल’ ही भावना सुरक्षिततेचे पहिले साधन नाहीसे झाल्याची खूण आहे. तिला निव्वळ मनाचा हळवेपणा समजू नये.

या कलेच्या इतिहासाकडे पाहिले तर हा ताण तिच्यात मुळापासूनच असल्याचे दिसते. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या कालखंडात, कैद्यांना बांधण्याचे होजोजुत्सू नावाचे शास्त्र जपानमध्ये विकसित झाले, आणि गुन्हा व सामाजिक दर्जा यांनुसार बांधण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असत. तेथे संमतीचा प्रश्नच नव्हता. इतो सेइउ (१८८२–१९६१) या चित्रकाराने शिक्षांची जुनी चित्रे आणि काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारातील प्रसंग यांवरून प्रेरणा घेऊन हे दृश्य चित्रकलेत आणले, आणि १९४७ मध्ये सुरू झालेल्या ‘कितान क्लब’ या मासिकाने पुढच्या दशकात त्याला वाचकवर्ग मिळवून दिला. कैद्याचा दोर अशा रीतीने रंगमंचावर, चित्रात आणि अखेर दोन व्यक्तींच्या खासगी खोलीत आला, पण त्याचे बाह्य रूप कैदेचेच राहिले. ते रूप माणसा-माणसांतल्या जवळिकीत बदलण्याचे काम बांधणाऱ्याच्या वागण्याने व्हावे लागते. दोर ते आपोआप करत नाही. युकिमुरा हारुकी (मृत्यू २०१६) यांची शैली मला या बाबतीत सर्वांत शिकण्यासारखी वाटते. जमिनीवरच, एक-दोन दोरांत, अगदी साध्या बांधणीने ते काम करत, आणि सगळा भर दोर कसा फिरतो व समोरची व्यक्ती त्याला कसा प्रतिसाद देते यावर असे. छायाचित्रात त्यांची बांधणी फारशी भव्य दिसत नाही. आपल्यासारख्या नक्षीवर हात बसलेल्या साधकाने आता तिकडेच वळावे.

प्रत्यक्षात असे करावे. ताकाते-कोते काही महिने बाजूला ठेवावी आणि एकच दोर घ्यावा. एका मनगटाभोवती दोन वळसे घेऊन न आवळणारी गाठ मारायची (ओढल्यावर आवळत जाणारा सरकफास मात्र कधीही नाही), एवढी एकच बांधणी पुष्कळ आहे. तीही आधी स्वतःच्या मांडीवर किंवा खुर्चीच्या पायावर इतक्या वेळा करावी की डोळे मिटून जमेल, कारण गाठीचा विचार डोक्यात चालू असेपर्यंत समोरच्या माणसाला जागा उरत नाही. सत्राच्या वेळी मोबाईल खोलीबाहेर ठेवावा. एक हात दोर ओढत असताना दुसरा हात त्यांच्या अंगावर टेकलेला असावा, म्हणजे श्वास रोखला गेला किंवा खांदा आक्रसला तर तो तळव्याला कळेल. वळसा श्वास सोडताना घ्यावा, आणि प्रत्येक वळशानंतर थांबावे. चांगला तबलजी गायिकेच्या श्वासाकडे कान लावून ठेका धरतो, तसा येथे दोराचा वेग ठरतो. शिकवताना मला वारंवार दिसणारी गोष्ट अशी की बांधणाऱ्याला ही स्तब्धता असह्य होते. काहीच घडत नाही असे वाटून तो पुढचा दोर उचलतो, आणि नेमक्या त्या वेळी बांधून घेणाऱ्या व्यक्तीच्या मनात पुष्कळ काही घडत असते. ताण सर्व वळशांत सारखा असावा, दोराखाली दोन बोटे सहज जावीत, आणि मधोमध दुमडून दुहेरी केलेल्या दोराचे दोन वळसे शेजारी-शेजारी सपाट बसावेत, म्हणजे सहा मिलिमीटरच्या दोराचे चार पदर मिळून दाब सुमारे दोन-अडीच सेंटिमीटरच्या पट्ट्यावर पसरतो. एकमेकांवर चढलेला पदर सगळा दाब एका रेषेत आणतो.

संमतीविषयी आपण प्रश्नात एकच वाक्य लिहिले आहे: ‘तिची अर्थातच परवानगी आहे.’ मला या ‘अर्थातच’वर थांबावेसे वाटते. लग्न म्हणजे कायमची संमती नव्हे, आणि मागच्या शनिवारची संमती या शनिवारी आपोआप लागू होत नाही. हा संवाद शय्यागृहात, दोर हातात असताना करू नये. एखाद्या वेगळ्या दिवशी, चहाच्या वेळी, नकार देणे अवघड वाटणार नाही अशा जागी करावा. काय हवे आहे, काय नको आहे, शरीराचा कोणता भाग वर्ज्य, कपडे कोणते, किती वेळ, दोराला कामुक अर्थ असणार की नसणार, हे सगळे शब्दांत यावे. ‘तुला आवडत असेल तर कर’ हे उत्तर होकार म्हणून धरू नये, कारण आपल्या घरांत बायका हे वाक्य स्वयंपाकापासून सासरच्या सहलीपर्यंत सर्वत्र वापरतात आणि त्यात त्यांची इच्छा क्वचितच असते. ‘पार्सल’ हा शब्द उच्चारण्याचे धैर्य पत्नींनी दाखवले, ही आपल्या नात्याची भक्कम बाजू आहे. त्याच धाग्याने पुढे जाऊन विचारावे: कोणत्या क्षणी तसे वाटू लागले? त्याआधी काय घडत होते? आणि उत्तर येत असताना स्वतःचा बचाव करू नये.

सत्र चालू असताना हिरवा, पिवळा आणि लाल हे तीन शब्द पुरतात: ठीक आहे, काहीतरी बदल, सगळे थांबव आणि सोड. तोंडाने बोलणे जड जाईल अशा वेळेसाठी हातात किल्ल्यांचा जुडगा द्यावा. तो खाली पडला की लाल समजावे. तरीही या शब्दांवर सगळा भार टाकता येत नाही. दोरात काही काळ गेला की पुष्कळ जण शांत, सुस्त, जवळजवळ तंद्रीत जातात. वेदना कमी जाणवते, वेळेचे भान सुटते, आणि जोडीदाराचा विरस होऊ नये म्हणून लाल म्हणण्याचे टाळले जाते. म्हणून कोणी लाल म्हटले नाही याचा अर्थ सगळे ठीक आहे असा घेऊ नये. आपणहून विचारावे, आणि उत्तर उशिरा किंवा तुटक आले तर तो पिवळा समजावा. याच कारणाने, आधी न ठरलेली कोणतीही नवी गोष्ट सत्राच्या मध्यात सुरू करू नये, त्या क्षणी होकार मिळाला तरीही; कमी मात्र केव्हाही करता येते. थांबण्याचा हक्क बांधणाऱ्यालाही आहे. आपण दमला असाल, चिडलेले असाल किंवा लक्ष लागत नसेल, तर दोर गुंडाळून ठेवावा.

आरोग्याचे प्रश्नही याच संवादात यावेत. मधुमेह असल्यास मज्जातंतू आधीच दुबळे असू शकतात. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते आणि तिच्यामुळेही हातापायांना मुंग्या येतात. पत्नींना एरवीही असे होत असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे, फिट्स, गरोदरपण, खांद्याची जुनी दुखापत आणि चक्कर येण्याची सवय यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दोराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे पैसे आणि त्वचा दोन्ही वाया जाताना पाहिली आहेत. जपानमध्ये ही कला मुख्यतः तागाच्या तीन पदरी, साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या आणि सात ते आठ मीटर लांबीच्या दोरांवर चालते. ताग हलका असतो, त्याच्या तंतूंना किंचित पकड असते, त्यामुळे गाठी थोडक्यात बसतात आणि सुटतातही. गंमत अशी की ताग पिकतो तो प्रामुख्याने बंगालच्या दोन्ही भागांत, म्हणजे पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात, आणि तरी आपल्या बाजारात अंगाला लावण्याजोगा तागाचा दोर सहजासहजी मिळत नाही. किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती सुतळी किंवा पोती शिवण्याचा दोर; त्याला गिरणीत वापरलेल्या तेलाचा रॉकेलसारखा वास येतो आणि कुसे टोचतात. काथ्या त्वचा सोलतो, घायपातही खरखरीत असतो. नायलॉनचा दोर मऊ वाटला तरी त्याची गाठ सरकते किंवा ताण येऊन घट्ट बसते, आणि तो त्वचेवरून वेगाने ओढला गेला तर भाजल्यासारखा चट्टा उठतो. चांगला ताग मिळेपर्यंत सुती दोर वापरावा. तो पसरट बसतो, धुता येतो, आणि नवशिक्यांसाठी त्याचा एकच खरा दोष म्हणजे गाठ ओढली गेल्यावर सोडवायला वेळ लागतो. ताग मिळालाच तर तो ताणून वाळवावा, गॅसच्या ज्योतीवरून झपकन फिरवून वरची लव जाळावी (खिडक्या उघड्या, पाण्याची बादली शेजारी, आणि तेलाचा वास येणारा दोर असेल तर हे करूच नये), मग फडक्याने पुसून होहोबा (जोजोबा) तेलाचे काही थेंब चोळावेत. खाद्यतेल कालांतराने खवट होते. प्रत्येक सत्रापूर्वी दोर बोटांतून सरकवून तुटलेला पदर शोधावा.

बोथट टोकाची, बँडेज कापण्याची वाकडी कात्री सर्जिकल साहित्याच्या दुकानात मिळते. ती हाताच्या अंतरावर असावी, आणि वेळ आली तर कितीही महागाचा दोर कापताना हात अडखळू नये. बांधलेल्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये, दाराची बेल वाजली तरीही. दारू किंवा नशा असल्यास दोर बाहेर काढू नये. गळ्यावर किंवा गळ्याच्या पुढच्या बाजूने दोर कधीही नेऊ नये, आणि अंग घसरले तर गळ्यापर्यंत चढेल असा वळसाही घेऊ नये. २०११ साली रोममध्ये, गळ्याभोवती दोर असलेल्या प्रयोगात एका तरुणीचा मृत्यू झाला होता, तेव्हा ही भीती काल्पनिक नाही.

सोडण्याकडे बहुतेक चित्रफिती दुर्लक्ष करतात, पण माझ्या दृष्टीने तो सत्राचा अर्धा भाग आहे. ज्या संथपणे बांधले त्याच संथपणे सोडावे. दोर त्वचेवरून फर्रकन ओढू नये. पाठीमागे राहिलेले हात एकदम पुढे आणू नयेत, खांदे आखडलेले असतात. पाणी, काहीतरी गोड, पांघरूण, आणि हवा असेल तर स्पर्श. काहींना त्या वेळी एकटे शांत पडून राहायचे असते, तेही आधी विचारून ठेवावे. दोराचे वळ काही तासांत जातात. मन मात्र एक-दोन दिवसांनी अकारण उदास होऊ शकते, बांधणाऱ्याचेही. म्हणून दुसऱ्या दिवशी काय आवडले आणि काय खटकले याविषयी मुद्दाम बोलावे, हाताची संवेदनाही तेव्हा पुन्हा तपासावी.

कायद्याविषयी आपण विचारलेले नाही, तरी दोन गोष्टी नोंदवतो. मी वकील नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ नुसार अठरा वर्षांवरील व्यक्तीने पत्करलेल्या इजेला संमतीचा आधार मिळतो, पण मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसेल आणि तसे घडण्याची शक्यता करणाऱ्याला ठाऊक नसेल तरच. कलम ११६ मध्ये गंभीर दुखापतीच्या व्याख्येत पंधरा दिवस नेहमीची कामे करता न येणे हेही येते, जुन्या दंडसंहितेत हा अवधी वीस दिवसांचा होता. लोंबणारे मनगट या मर्यादेत सहज बसू शकते. दुसरी गोष्ट छायाचित्रांची. बांधून घेण्याची संमती आणि छायाचित्राची संमती या वेगळ्या आहेत, आणि छायाचित्र कोठे ठेवायचे व कोणाला दाखवायचे याची संमती आणखी वेगळी. आपल्या समाजात दोराच्या वळापेक्षा बाहेर फुटलेल्या छायाचित्राची जखम अधिक काळ टिकते, म्हणून माझा सल्ला असा की निदान पहिले वर्ष छायाचित्रे घेऊच नयेत. नक्षीवरचे लक्षही त्यामुळे आपोआप कमी होईल.

आता अधांतरी तोलण्याविषयी. सध्या नाही, आणि चित्रफिती पाहून तर कधीच नाही. जमिनीवर असताना दोर फक्त दाब देतो, पण शरीर हवेत गेल्यावर सगळे वजन त्याच पट्ट्यांवर येते आणि आपल्या पत्नींच्या ज्या दंडाने आधीच इशारा दिला आहे, तेथे मिनिटाच्या आत इजा होऊ शकते. शुद्ध हरपली तर निपचित शरीर एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने दोर सोडवावा लागतो. शिवाय टांगणार कशाला, हा प्रश्न घरांत कोणी विचारत नाही. स्लॅबमधला पंख्याचा हुक पंख्याच्या वजनासाठी बसवलेला असतो, आणि हलणाऱ्या शरीराचा क्षणिक भार त्याच्या स्थिर वजनाच्या कितीतरी पट होतो. खिडकीचे गज आणि दाराची चौकट यांवरही विसंबू नये. पुढेमागे शिकायचेच ठरले तर ते प्रत्यक्ष शिक्षकासमोर शिकावे, आणि शिक्षक निवडताना त्यांची छायाचित्रे न पाहता त्यांनी ज्यांना बांधले आहे त्यांच्याशी बोलावे, तेही शिक्षक हजर नसताना: नाही म्हटल्यावर काय झाले, इजा झाली तेव्हा ते कसे वागले. या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नसतील तर त्या वर्गाला जाऊ नये. तोपर्यंत एक दोर, सतरंजी आणि पत्नींचा पूर्ण बरा झालेला हात एवढ्यावर सराव चालू ठेवावा, आणि मधूनमधून त्यांनी आपल्याला बांधावे. पाठीमागे हात बांधून घेऊन दहा मिनिटे बसल्यावर कोणता वळसा कोठे बोचतो आणि बांधणाऱ्याचे लक्ष दुसरीकडे गेल्याचे किती लवकर कळते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.